प्रवरेचा गाळ आणि वसूच्या बाटल्या

मी आठवडाभर नगर जिल्ह्यात राहून आले आणि शिर्डीला गेले नाही, हे आमच्या शेजारच्या काकूंना अजून पटलेलं नाही. "मग गेलीस कशाला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. नदीचा गाळ बघायला, असं सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या काठी. कोकम, आगळ, फणसाची साटं असा माझा छोटासा व्यवसाय आहे आणि माल पोचवायला मी स्वतः व्हॅन चालवते. गणपती होऊन गेले होते. मी बाटल्यांना लेबलं चिकटवत बसले होते, तेवढ्यात वसूचा फोन आला. वसू माझी धाकटी नणंद. पुण्याला एका कॉलेजात पर्यावरण शिकवते.

"वहिनी, कॉलेजच्या जिन्यावरून घसरले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे. गाडी चालवणारा माझा विद्यार्थी परीक्षेला बसलाय. तुझी व्हॅन आणि तू, दोघी मला हव्या आहात."

"कुठे जायचंय?"

"प्रवरा नदीच्या काठाकाठाने, वरपासून खालपर्यंत. खाली एक सभा आहे. ती मला चुकवता येणार नाही."

सभेचं तिने ज्या आवाजात सांगितलं त्यावरून मी पुढे काही विचारलं नाही. तिच्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुकानाच्या किल्ल्या दिल्या आणि वसूला घ्यायला पुण्याला निघाले.

राजूरच्या बाजूला

नगर जिल्हा म्हणजे कोरडं रान, बाभळी आणि धूळ, अशी माझी समजूत होती. अकोले सोडून राजूरकडे चढायला लागलो आणि मला वाटलं रस्ता चुकून मी परत कोकणात उतरले. भाताची खाचरं, नाचणीची हिरवी कणसं, डोंगरावर ढग टेकलेले. फक्त माती वेगळी. आमची तांबडी, इथली काळसर, आणि दगड सगळा काळाकभिन्न.

प्रवरा या डोंगरात उगम पावते, वरच्या धरणांत अडते, तिथून संगमनेर, कोल्हार, नेवासे करत गोदावरीला मिळते. जिथे मिळते तिथे गोदावरी वाहत नसते. पुढच्या मोठ्या धरणाचं पाणी मागे पसरून तिथपर्यंत आलेलं असतं. त्याला तिकडे फुगवटा म्हणतात. वसूचं काम असं, की प्रवरा त्या फुगवट्यात वर्षभरात किती माती आणि शेतातलं किती खत नेऊन टाकते, ते काढायचं.

"ते कसं काढता?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"पाणी किती गेलं ते बंधाऱ्यावर रोज मोजतात. त्या पाण्यात गाळ किती, खत किती, ते बाटली भरून तपासलं की कळतं. दोन्हींचा गुणाकार करायचा."

"मग सोपं आहे."

"पाणी रोज मोजतात, वहिनी. बाटली आम्ही महिन्यातून एखादी भरतो. मधल्या दिवसांचं काय?"

"अंदाज."

"हो," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पहिली बाटली मी भरली. वसूचा हात गळ्यात, त्यामुळे सगळ्या प्रवासात बाटल्या मीच भरल्या. दोरीला लोखंडी वजन, वजनाला बांधलेली बाटली, ती पुलावरून खाली सोडायची आणि भरली की वर ओढायची. विहिरीवर पोहरा ओढलेल्या बाईला यात शिकण्यासारखं काही नव्हतं. वर आलेलं पाणी जवळपास स्वच्छ होतं.

खाली खाचराच्या बांधावर एक बाई वाकून खेकडे धरत होती. हातातल्या पिशवीत खेकड्यांची खडखड चालली होती. मी खेकडे म्हटल्यावर थांबलेच. कालवण कसं करता म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "कुटायचे, गाळायचे, रस्सा करायचा. नांग्या पोरांला." आमच्याकडेही हेच. फक्त आम्ही नारळ घालतो आणि त्या तांदूळ भाजून वाटून लावतात.

वसूने तिला विचारलं, "मावशी, पावसात तुमच्या खाचरातली माती जाते का?"

"जाती ना. जायाचीच. खाली धरनात जाऊन बसती."

गाडीत बसल्यावर वसू म्हणाली, "खाली नेवाशाला शेतकरी म्हणतात की गाळ डोंगरातून येतो. पण डोंगराची बरीचशी माती धरणात अडते."

"बरीचशी म्हणजे किती?"

"तोही अंदाजच," ती म्हणाली.

कोल्हारचा पूल

संगमनेरला एका खानावळीत आम्ही शेंगोळी खाल्ली. हुलग्याच्या पिठाची बोटभर वळकुटी, लसणाच्या झणझणीत रश्शात उकळलेली. हुलगा म्हणजे आमचा कुळीथ हे मला पहिल्या घासाला कळलं. आम्ही त्याची पातळ पिठी करून भातावर ओततो. इथे तोच कुळीथ मर्दानी होऊन ताटात आला होता. वसूला डाव्या हाताने ती शेंगोळी चमच्यात धरता येईनात, तेव्हा वाढणाऱ्या बाईंनी न विचारता तिला ती कुस्करून दिली.

संगमनेर सोडलं की नदीचा रंग बदलायला लागतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून मक्याची रानं, आणि नदीकडे उतरणारे ओढे. ऊस थेट काठाला भिडलेला. कोल्हारच्या पुलावर आम्ही गाडी कडेला लावली. मी कठड्याशी उभी राहून दोरी सोडत होते, तोच मोटारसायकलवरून एक गृहस्थ करकचून ब्रेक लावून थांबले.

"ओ मावशी, निर्माल्य नदीत टाकू नका. शिकल्या-सवरल्या दिसता."

"टाकत नाही, काढतेय," मी म्हटलं आणि बाटली वर ओढून दाखवली.

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. पाणी मळकट होतं. "हे वरून येतं," ते म्हणाले. "संगमनेरच्या वरून. आमच्याकडचं काही नसतं यात."

वसूने हसून मान हलवली. नंतर मला म्हणाली, या नदीवर दोन वर्षं फिरतेय, पण पाणी आपल्याकडून घाण होतं असं म्हणणारा माणूस मला एकदाच भेटला. तो दारू प्यायलेला होता.

पुलापलीकडे राहात्याकडचे पेरू घेऊन एक बाई बसली होती. पेरू घेतले. व्हॅनमध्ये आमसुलाचा आंबट वास कायमचा मुरलेला, त्यात पेरूचा गोड वास मिसळला. ती संध्याकाळ आम्ही दोघींनी पेरूला तिखट-मीठ लावून खाण्यात घालवली. सभेबद्दल वसूने मला तेव्हा सांगितलं.

वैशाखात संगमाजवळच्या फुगवट्यात मासे मरून वर आले. एका सकाळी पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. काठावर मासेमारी करणाऱ्या भोयांनी ऊसवाल्या शेतकऱ्यांना दोष दिला: तुमचं खत आणि माती पाण्यात येते, शेवाळ माजतं, ते कुजतं आणि मासे गुदमरतात. शेतकरी म्हणाले, गाळ वरून येतो, आमच्यावर कशाला. भोयांनी तक्रार केली. शेतकऱ्यांनी नदीकडे जाणारी पायवाट काट्या टाकून बंद केली. आधी एकमेकांच्या लग्नात वाढपी म्हणून उभी राहणारी माणसं आता बोलेनाशी झाली.

"मग तुझा काय संबंध?"

"दोन वर्षं माझी कॉलेजची मुलं तिथे बाटल्या भरतात. दोन्हीकडचे लोक त्यांना चहा देतात. शेवटी असं ठरलं की मॅडम सांगतील ते मान्य. शेतांतून बरंच काही जात असेल तर शेतकरी काठालगतची पट्टी नांगरणार नाहीत, तिथे गवत ठेवतील, खत टाकणार नाहीत. नसेल तर भोई तक्रार मागे घेतील."

"आणि किती जातं?"

वसूने पेरूचा देठ बराच वेळ हातात फिरवला. "माझ्या हिशोबातून येणारा आकडा एवढा मोठाही असू शकतो की सगळा दोष शेतकऱ्यांचा, आणि एवढा लहानही की जवळपास कुणाचाच नाही."

नेवाशाच्या खाली

आम्ही उतरलो ते संगमाच्या थोडं वर, नदीकाठच्या एका गावात. देवळाला लागून यात्रेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, त्यांतली एक मिळाली. त्या रात्रीचं जेवण दगडूभाऊंच्या घरी होतं. दगडूभाऊ भोई, पन्नाशीचे, उन्हाने करपलेला चेहरा आणि बोलणं हळू. त्यांची बायको मंगल बोलायला मात्र मोकळी.

मी खाडीकाठची आहे हे कळल्यावर मंगलने मला शेजारी बसवून घेतलं. चिलापीचे तुकडे, लाल तिखटाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. खरं सांगायचं तर गोड्या पाण्यातला मासा मला कधी आवडला नाही. त्याला मातीची चव असते. पण त्या रश्शात इतकं तिखट होतं की मातीची चव लागायला जागाच नव्हती.

"तुमच्याकडं कसं असतं पानी?" मंगलने विचारलं.

मी सांगितलं, आमच्या खाडीत भरती येते, ओहोटी लागते. दिवसातून दोन वेळा पाणी येऊन घाण घेऊन जातं.

"आमच्याकडं येतं, पन जात न्हाई," ती म्हणाली. "हितंच बसतं."

दगडूभाऊ जेवताना एवढंच बोलले, "म्याडम, परवाच्या सभंत तुमी सांगा. आमी थकलोय. होडीकडं जायाला बंधाऱ्यावरनं येढा घालून जावं लागतं. माशांची पाटी डोक्यावर घिऊन हिची मान दुखती."

वसूने मान डोलावली. तिच्या ताटातली भाकरी अर्धी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अण्णासाहेबांकडे गेलो. त्यांचा ऊस नदीला लागून, आणि बंद केलेली वाट त्यांच्याच वावरातून जाणारी. उंच, पांढरी टोपी, नीट इस्त्री केलेला सदरा. चहा होईपर्यंत त्यांनी आम्हाला बांधावरून फिरवलं. वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या काट्यांचा ढीग होता. त्यांनी तिकडे बघायचं टाळलं.

"म्याडम, मी काय मुद्दाम खत नदीत वततो का?" ते म्हणाले. "इकत आनलेलं खत हाय. ते माझ्या उसाला लागावं असंच मला वाटनार. दगडूच्या बापाला आमच्या बापानं वाट दिली हुती. पन चोर म्हनून घ्यायचं आन वाट बी द्यायची, हे कसं जमनार?"

मला ते खोटं बोलतात असं वाटलं नाही. दगडूभाऊही खोटं बोलले असं वाटलं नव्हतं. तिथून निघताना मला पहिल्यांदा वसूची काळजी वाटली.

हस्ताचा पाऊस

त्याच दुपारी आभाळ भरून आलं. हस्त नक्षत्र लागलेलं, आणि वरच्या अंगाला, श्रीरामपूर-राहुरीकडे, आधीच कोसळत असल्याचे फोन यायला लागले. आमच्यावर पाऊस आला तो संध्याकाळी. पत्र्यावर इतका आवाज की दोघींना एकमेकींचं ऐकू येईना. वसू खाटेवर बसून होती. तिचा चेहरा मी एवढा उजळलेला या प्रवासात पाहिला नव्हता.

"दोन वर्षं वाट बघतेय," ती ओरडून म्हणाली. "पूर आला की रस्ता बंद होतो. आम्ही पुण्याहून निघेपर्यंत पाणी ओसरलेलं असतं. नदी वर्षातल्या थोड्याच दिवसांत सगळा गाळ नेते, आणि त्या दिवसांची एकही बाटली माझ्याकडे नाही."

उजाडता उजाडता आम्ही गावाजवळच्या पुलावर पोचलो. पाऊस थांबला होता. कालची नदी ओळखू येत नव्हती. काळपट, दाट, चहाच्या चोथ्यासारखं पाणी, त्यात उसाची पाचटं, एक तुटलेला पाईप, बाभळीचं अख्खं झाड. पुलाखालून जाताना घुमल्यासारखा आवाज येत होता. कठड्याशी उभं राहिल्यावर मला गरगरलं. आमच्या खाडीला पूर पाहिला आहे, पण ती रुंद होते. ही नदी अंगावर येत होती.

वसूने सांगितलं तशी मी एक बाटली काठाजवळ भरली, जिथे अण्णासाहेबांच्या बाजूचा ओढा नदीत शिरत होता. दुसरी पुलाच्या मधोमध. तिसरी पलीकडच्या काठाला. मधली भरताना दोरी हातातून सरसर गेली आणि तळवा सोलला. बाटली वाचली. वसूने आधी बाटली पाहिली, मग माझा हात. नंतर तिला त्याची लाज वाटली आणि दिवसभर ती माझ्या हाताला हळद लावत होती.

थोड्या वेळाने तिने पुन्हा त्याच तीन जागी भरायला लावल्या. सगळ्या बाटल्या आम्ही खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवल्या. दुपारपर्यंत गाळ खाली बसला. ओढ्याजवळच्या बाटलीत बोटभर जाड काळा थर. मधल्या बाटलीत त्याच्या मानाने पातळसा. पलीकडच्या काठाला आणखी वेगळा, पिवळसर. आणि मागून भरलेल्या तीन बाटल्यांत पहिल्या तिन्हींहून निराळं काहीतरी. मला वाटलं, एवढं मिळाल्यावर वसू खूश होईल. ती कट्ट्यासमोर खाली जमिनीवर बसली.

"एक नदी, एक सकाळ," ती म्हणाली. "आता मी कुठली बाटली धरू?"

सभेच्या आधी आणि सभेत

सभेला जायच्या आधी आमचं भांडण झालं. मोठं नाही, पण झालं.

"तू मधला आकडा सांग आणि मोकळी हो," मी म्हटलं. "मधला म्हणजे दोघांनाही झेपेल असा. पट्टी थोडी सोडतील, वाट उघडेल. मिटेल."

"मधला आकडा खरा आहे हे मला कुठे माहीत आहे?"

"खोटा आहे हे तरी कुठे माहीत आहे? वसू, माणसं भांडतायत. त्यांना एक शब्द हवाय तुझा."

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्यांनी दोन वर्षं मला चहा पाजलाय. उद्या कुणीतरी दुसरा येईल आणि दुसरा आकडा सांगेल. मग माझा शब्द काय राहिला?"

मी तिची वेणी घालत होते. तिला एका हाताने घालता येत नव्हती. वेणी जरा घट्टच बांधली गेली.

देवळाच्या सभामंडपात माणसं दोन बाजूंना बसली होती, लग्नात मुलाकडचे आणि मुलीकडचे बसतात तशी. बायका मागे. वसू उभी राहिली. मी दोन बाटल्या तिच्यासमोर ठेवल्या, तिनेच सांगितलं होतं.

"नदी तुमच्या शेतांतून गाळ आणि खत घेऊन जाते, हे नक्की," ती म्हणाली. "खताने शेवाळ माजतं आणि मासे गुदमरू शकतात, हेही नक्की. पण मासे मेले त्यात तुमच्या शेतांचा वाटा किती, वरच्या गावांचा किती, गोदावरीकडून आलेल्या पाण्याचा किती, हे मला सांगता येत नाही. या दोन्ही बाटल्या एकाच सकाळी एकाच पुलावरून भरल्या. ही धरली तर वाटा मोठा आहे. ही धरली तर लहान आहे. दोन्ही खऱ्या आहेत."

मग शेतकऱ्यांच्या बाजूने एकाने विचारलं, "मग दोन वरसं काय केलं म्याडम?"

"शिकले," वसू म्हणाली. "मला किती माहीत नाही ते."

अण्णासाहेबांनी घसा खाकरला. "म्हंजी आमच्यावर काय न्हाई, असंच ना?"

"असं मी म्हटलं नाही, अण्णासाहेब. तुमच्यावर आहे. किती, ते सांगता येत नाही."

दगडूभाऊ उठले. आवाज चढला नव्हता. "म्याडम, तुमी आमच्या बाजूनं नसाल तर नसाल. पन काहीतरी बोलशाल असं वाटलं हुतं." ते मंडपाच्या पायऱ्या उतरून गेले. त्यांच्या मागे भोयांची बाजू उठली. मग दुसरी बाजूही उठली. मंगल जाताना माझ्याकडे न बघता गेली. त्याचं मला जास्त लागलं.

खोलीवर आल्यावर वसू भिंतीकडे तोंड करून पडली. "तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं का?" तिने विचारलं. खरं म्हणजे मला तेव्हा तसंच वाटत होतं. मी म्हटलं, "पेरू उरलेत, खातेस का?" तिने नको म्हटलं.

पुलावर

सकाळी सामान गाडीत भरत होते, तर दगडूभाऊ फाटकाशी उभे. कधीपासून उभे होते कोण जाणे. मी वसूला हाक मारली.

"ती बाटली भरायची कशी, ते दावता का?" त्यांनी विचारलं.

वसूला कळेना. ते म्हणाले, "तुमची पोरं येत्यात तवा पूर गेलेला असतो, असं तुमीच काल... सभंत न्हाई, आदी मंगलला सांगितलं. आमी तर हितंच असतो. पूर आला की मी भरतो. मग सांगा आकडा."

वसूने आत जाऊन दोरी, वजन, बाटल्या आणल्या. तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला आणि अण्णासाहेब उतरले. दगडूभाऊ बाटल्या भरणार, ही बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. ते दगडूभाऊंकडे न बघता वसूला म्हणाले, "म्याडम, यानं एकट्यानं भरलेल्या बाटल्या आमी माननार न्हाई. हा माझ्या ओढ्याच्या तोंडाशीच भरील."

दगडूभाऊही वसूकडे बघूनच बोलले. "आन ह्यांनी भरल्या तर हे मधनंच भरत्याल."

वसूने दोघांकडे पाहिलं. "मग दोघांनी मिळून भरा. दोन्ही काठ आणि मध्य. प्रत्येक पुरात, पाणी चढताना आणि उतरताना. दोघांची सही बाटलीवर."

मला वाटलं दोघेही निघून जातील. पण दोघेही आमच्या मागोमाग पुलावर आले. नदी बरीच उतरली होती, तरी पाणी अजून काळंच होतं. दगडूभाऊंच्या हातात दोरी दिली. त्यांना पाण्याची सवय. पहिल्या झटक्यात बाटली भरून वर आली. मग मध्य कुठला यावरून सुरू झालं. अण्णासाहेब म्हणाले, मध्य म्हणजे पुलाचा मधला खांब. दगडूभाऊ म्हणाले, धार त्या खांबाच्या पलीकडनं जाती, नदीचा मध्य तो. पुलाचा मध्य आन नदीचा मध्य एक नसतो. अण्णासाहेब म्हणाले, तू मला नदी शिकवू नको. दगडूभाऊ म्हणाले, मग तुमी मला पूल शिकवू नका. हे सगळं ते आता एकमेकांकडे बघून बोलत होते. वैशाखापासून बोलले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

वसूने दोन्ही मध्यांवर एकेक बाटली भरायला सांगितली.

राहिली ओढ्याकडच्या काठाची. पाणी उतरल्यामुळे तिथे आता पुलावरून दोरी पोचत नव्हती, खाली उतरायला हवं होतं. उतरायची वाट एकच, अण्णासाहेबांच्या उसातून, काट्या टाकलेली. दगडूभाऊ पुलाच्या टोकाशी थांबले आणि पुढे जाईनात. अण्णासाहेब त्यांच्या पुढे चालत गेले. काट्यांच्या ढिगाशी उभे राहिले. मग वाकून एक फांदी बाजूला ओढली, पायाने दुसरी सरकवली.

"बाटलीपुरतं," ते म्हणाले. "बाटली भरायला यायचं, भरून जायचं."

"बाटलीपुरतं," दगडूभाऊ म्हणाले आणि त्या फटीतून आत शिरले.

आम्ही निघालो तेव्हा मंगल रस्त्यापर्यंत आली. तिने माझ्या हातात कागदात बांधलेली सुकी वाम मासळी दिली. माझ्या तळहाताला काय झालं ते विचारलं.

घरी आल्यावर

दिवाळी होऊन गेल्यावर वसूचा फोन आला. प्लॅस्टर निघालं होतं. आम्ही असतानाच्या पुरानंतर तिकडे आणखी एक पूर आला, त्याच्याही बाटल्या, दोन सह्यांच्या, तिला पोचल्या होत्या. प्रयोगशाळेतून निकाल आले होते.

"मग आकडा आला?" मी विचारलं.

"आला. पण लहान आकडा आणि मोठा आकडा यांतलं अंतर कमी झालं नाही, वहिनी. वाढलं. पुराचे दिवस माझ्याकडे नव्हते म्हणून आधी ते कमी वाटत होतं."

ती दुःखी असेल असं मला वाटलं, पण आवाज तसा नव्हता. दोघांनाही तिने फोन करून सांगितलं होतं. दगडूभाऊ नुसतं बरं म्हणाले. अण्णासाहेब म्हणाले, "म्हंजी पुढच्या साली आनखी बाटल्या लागत्याल." पट्टी सोडण्याबद्दल तिने विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. मासे कशाने मेले हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. मधला आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं का, हेही मला अजून नक्की कळलेलं नाही.

मग मी मंगलला फोन लावला. वाम कशी केली ते सांगायचं राहिलं होतं. तिने कौतुकाने ऐकून घेतलं, नारळ घातला म्हटल्यावर जरा थांबली. मी तिच्या मानेचं विचारलं.

"आता बरी हाय की. येढा वाचला ना."

"म्हणजे वाट उघडली?"

"उघडली कशाची. बाटलीपुरतीच हाय." ती हसायला लागली. "पाऊस तर कवाच गेला. नदीला पूर कसला आता, गुडघ्याएवढं पानी हाय वरच्या अंगाला. पन आमचे हे रोज सकाळी त्याच वाटंनं होडीकडं जात्यात. खांद्यावर जाळं, आन हातात रिकामी बाटली. मी मागनं पाटी घिऊन."

"आणि अण्णासाहेब?"

"बांधावर बसलेले असत्यात. बघत्यात. इचारत्यात, 'भरली का रं?' हे म्हनत्यात, 'उद्या भरतो.'"